सिमेंटचे पत्रे आणि आपल्या फुफ्फुसातील पेशी

आपल्या वस्त्यांमध्ये कितीतरी घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत. अशा बऱ्याच पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते आत घट्ट अडकलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडले किंवा फुटला, की ते धुळीबरोबर उडतात आणि श्वासावाटे फुफ्फुसात जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. एखादी पेशी दुरुस्त न होण्याइतकी बिघडली तर ती स्वतःच संपते. वाढ आणि मरण यांचा हा तोल सांभाळला जातो म्हणून आपण निरोगी राहतो.

ॲस्बेस्टॉस हा तोल दोन्ही बाजूंनी बिघडवते. फुफ्फुसात आलेली धूळ गिळणाऱ्या पेशी असतात. लांब तंतू त्यांना पूर्ण गिळता येत नाही. त्या मरतात आणि त्यांच्यातील दाहक द्रव्ये आजूबाजूला पसरतात. तंतू मात्र तसाच राहतो. अनेक वर्षे भरपूर धूळ गेली तर फुफ्फुस कडक होते व दम लागतो. हा ॲस्बेस्टॉसिस.

याच दाहामुळे शेजारच्या पेशींच्या गुणसूत्रांना इजा होते. अशी बिघडलेली पेशी मरायला हवी. पण कधी ती मरत नाही, वाढतच जाते. हाच कर्करोग. तो फुफ्फुसाला किंवा फुफ्फुसाच्या आवरणाला होतो. तो दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात, म्हणून खरे कारण ध्यानात येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

हे आम्ही घाबरवण्यासाठी सांगत नाही. धड पत्र्याखाली राहिल्याने लगेच आजार होत नाही. धोका धुळीचा आहे. म्हणून:

१. पत्रा घरात कापू नका. काम करावेच लागले तर आधी पाणी मारून ओला करा. मुलांना व गरोदर बाईला दूर ठेवा.
२. शेवाळ काढायला पत्रा कोरड्या ब्रशने घासू नका.
३. फुटके तुकडे चुलीला किंवा भरावाला वापरू नका. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
४. रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत.
५. अशा कामावरचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा.

पत्र्याच्या कारखान्यात किंवा इमारती पाडण्याच्या कामावर असलेल्यांनी दम, जुना खोकला, छातीत दुखणे असल्यास डॉक्टरांना आपले जुने काम आवर्जून सांगावे. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. त्याची भरपाई मागता येते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्याच खटल्यात, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे ठरवले. म्हणून कामाचे जुने कागद, हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या जपून ठेवा.