दंडावरचा वण

घरातील आजोबांचा दंड एकदा नीट पाहा. त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा, किंचित खोलगट वण आहे का? आमच्या ढाणकीत साठी ओलांडलेली माणसे तो दाखवून 'लहानपणी देवी काढल्या होत्या' असे सांगतात. (माझ्या दंडावरचा वण बीसीजीचा. देवीची टोचणी माझ्या जन्माआधीच थांबली.) भारतात ही लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण आढळला १९७५ साली.

लशीत देवीच्या विषाणूचा एक सौम्य भाऊबंद असे, आणि तो जिवंत असे. कातडीच्या पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर तो आपल्या प्रती काढी. अशी बाधित पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. काही पांढऱ्या पेशी विषाणूचे तुकडे घेऊन काखेतील लसिका ग्रंथी गाठतात. काखेत अवधाण येते ते त्यामुळेच. ग्रंथीत असंख्य टी-पेशी व बी-पेशी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरील रेणूंची घडण निरनिराळी असते. विषाणूचा तुकडा ज्या मोजक्या पेशींशी जुळतो, त्याच भराभर वाढू लागतात. त्या विषाणूला 'ओळखतात' असे पुस्तकात लिहितात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, मला हा शब्द जरा खटकतो. पेशीला डोळे कुठले? आकार आणि विद्युतभार जुळले की रेणू चिकटून राहतात, एवढेच.

बी-पेशींपासून प्रतिपिंडे मिळतात. ती पेशीबाहेरचा विषाणू पकडतात, पण आत लपलेल्याचे काय? प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडत असते. त्यांत विषाणूचा तुकडा सापडला, की मारक टी-पेशी त्या पेशीलाच नष्ट करते.

या तयारीला दिवस लागतात. म्हणूनच पहिल्या टोचणीचा फोड आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत वाढत जाई. काही वर्षांनी पुन्हा टोचले तर मात्र तो लवकर येई, लहान राही आणि लवकर सुके. मागच्या खेपेच्या स्मृतिपेशी तयारच असत.

ही स्मृती किती टिकते? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस घेऊन ७५ वर्षांपर्यंतचा काळ लोटलेली माणसे तपासली होती. प्रतिपिंडे जवळजवळ तेवढीच राहिली होती. टी-पेशी मात्र दर ८ ते १५ वर्षांनी निम्म्या होत होत्या, अगदी किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारख्या! १५ वर्षे धरली, तर साठ वर्षांनी सोळावा हिस्सा उरतो. ८ वर्षे धरून किती उरेल, ते तुम्हीच काढून पाहा.