उसाची ट्रॉली, हिवाळ्याचा रस्ता आणि सभासदाची जबाबदारी



दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागात तोडणीच्या टोळ्या येतात, बॉयलर पेटतो आणि रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. लागण, खत, पाणी, खोडव्याची निगा यांवर आपण नेहमी चर्चा करतो. परंतु तुटलेला ऊस बांधापासून काट्यापर्यंत सुखरूप कसा न्यावा, हा विषय मात्र "ते ड्रायव्हरचं काम" म्हणून सोडून देतो. ट्रॉली घसरते ती रस्त्यावर, हे खरे. पण घसरण्याचे कारण पुष्कळदा आपल्या फडातच तयार झालेले असते. म्हणून हा लेख ड्रायव्हरइतकाच सभासदासाठीही आहे.

हिवाळ्याचा रस्ता का फसवतो?

पावसाळ्यात रस्ता ओला दिसतो, म्हणून माणूस सावध असतो. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते आणि रस्ता कोरडा वाटतो. मात्र नांदेडकडे गोदावरीकाठी आणि लातूरकडे मांजरा-तेरणेच्या पट्ट्यात पहाटे धुके उतरते, दव पडते. फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकांना काळी माती चिकटलेली असते. ती डांबरावर सांडते, मागच्या गाड्या ती दाबून पातळ करतात, आणि त्यावर दव पडले की साबण लावल्यासारखा थर तयार होतो. आपली काळी माती चिकण असल्याने थोड्या ओलीतही निसरडी होते. त्यात एखादा अवकाळी पाऊस झाला तर विचारायलाच नको.

हिमालयात किंवा युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. म्हणून तिकडचे वाहनचालक काही घाटांत चाकांना साखळ्या बांधतात, वेग एकदम कमी करतात आणि ब्रेक झटक्याने दाबत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओल्या काळ्या मातीचा थर त्याचाच भाऊ समजावा. फरक इतकाच, की बर्फ पांढरा दिसतो आणि आपला चिखल डांबराच्या रंगात मिसळून जातो.

ब्रेक किती वजन धरतात?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. ट्रॅक्टर आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून 20 टन वजन धरू. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील तर हे सगळे ओझे थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या फक्त मागच्या दोन चाकांवर येते. त्या चाकांवर भार साधारण 2 टन. म्हणजे ब्रेक लागतो दहाव्या हिश्शाला, आणि उरलेले नऊ हिस्से मागून ढकलत असतात.

या ढोबळ हिशेबाने, ताशी 20 किलोमीटर वेग असेल तर धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे 25 मीटर लागतात, आणि निसरड्या रस्त्यावर सुमारे 37. वेग 30 केला की हेच आकडे सुमारे 53 आणि 80 मीटर होतात. 80 मीटर म्हणजे 33 फुटांची मोजणीची साखळी आठ वेळा टाकावी एवढे अंतर! धुक्यात तर तेवढे पुढचे दिसतही नाही. वेग दीडपट झाला की गाडीतला जोर सव्वादोन पट होतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे असे, की निसरड्यावर ब्रेक झटक्याने दाबला तर ट्रॅक्टर अडतो, पण ट्रॉली अडत नाही. ती ट्रॅक्टरला बाजूने ढकलते आणि दोन्ही कात्रीसारखे मिटतात. डबल ट्रॉली असेल तर मागची आधी सापासारखी वळवळू लागते. तशी वळवळ दिसली की वेग जास्त झाला असे समजावे. स्टिअरिंग सरळ ठेवून हळूहळू ॲक्सिलरेटर सोडावा.

फडातच करावयाची कामे

1. पाणी वेळेवर तोडा. तोडणीपूर्वी 15 ते 20 दिवस उसाचे पाणी बंद करावे, हे आपण पक्वतेसाठी सांगतोच. त्याचा दुसरा फायदा असा, की रान वाळते, ट्रॉली रुतत नाही आणि रस्त्यावर चिखल कमी जातो.

2. फडाची वाट नीट करा. शेतातून डांबरी रस्त्यावर चढतो तिथे मुरूम टाकून दाबून घ्यावा. चार खेपा मुरमाचा खर्च एका अपघातापुढे काहीच नाही. चाकांना लोंबणारी माती फावड्याने खरडून मगच गाडी वर काढावी. रस्त्यावर पडलेले चिखलाचे ढेकूळ आणि वाढे आपल्याच गड्याकडून बाजूला करून घ्यावे.

3. "दोन मोळ्या राहिल्यात, टाका वर!" हे बोलणे बंद करा. फड आज मोकळा व्हावा असे प्रत्येकाला वाटते. पण वरच्या थरातल्या मोळ्या गाडीचा तोल बिघडवतात, बाजूला निघालेला ऊस शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लागतो, आणि लोंबत्या विजेच्या तारांचा धोका वेगळाच. राहिलेला ऊस पुढच्या खेपेला जाईल. तोडलेला ऊस लवकर गाळपाला जावा हे बरोबर, पण तासा-दोन तासांच्या उशिराने उतारा बुडत नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे. अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो तो निराळा.

4. ओझे सारखे भरा. सगळा भार ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला, हुकावर गेला तर चढावर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलते आणि स्टिअरिंग लागत नाही. हूक मागच्या आसाच्या खालीच असावा. पिनेला खीळ आणि जोडीला साखळी असल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका.

ड्रायव्हरने पाळावयाच्या गोष्टी

रस्त्यावर निघण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकची डावी-उजवी पेडलं पट्टीने जोडून घ्यावीत. शेतात वळताना ती सोडलेली असतात; रस्त्यावर तशीच राहिली तर एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी आडवी होते.

अहमदपूर, लोहा, कंधारकडचा बालाघाटाचा चढ-उतार ज्यांच्या वाटेत आहे त्यांनी एक नियम पक्का धरावा: ज्या गिअरमध्ये भरली गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. गिअर उताराच्या आधी टाकावा, मध्ये बदलू नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणे म्हणजे 20 टन ओझे देवाच्या भरवशावर सोडणे होय.

नांदेड-लातूर रस्त्यावर मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत माणसे, जनावरे, बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्या टापूत रात्रीची खेप शक्यतो टाळावी. धुके दाट असेल तर ऊन वर येईपर्यंत गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घेऊन थांबावे.

अंधारात दिसणे

रात्री उसाची ट्रॉली म्हणजे रस्त्यातली काळी भिंत. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी चमकणारी पट्टी लावावी. मागे लोंबणाऱ्या उसाने ट्रॉलीची पट्टी झाकते, म्हणून एक रिफ्लेक्टरची पाटी उसाच्या शेंड्यांवर बांधावी. नुसते लाल फडके रात्री उपयोगाचे नाही. पट्ट्यांवरचा चिखल प्रत्येक खेपेला पुसावा.

गाडी बंद पडली तर चाकाखाली दगड लावतात, ते योग्यच. पण गाडी निघाल्यावर तेच दगड रस्त्यात राहतात आणि मागून येणाऱ्याचा जीव घेतात. दगड लावणाऱ्यानेच ते उचलावेत. टेपचा आवाज मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच असावा.

ट्रॉलीवरची माणसे

तोडणीच्या टोळीतील बाया-माणसे, लेकरे भरल्या उसावर किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधल्या दांड्यावर बसून जातात. ही माणसे घरदार सोडून आपला ऊस तोडायला आलेली आहेत. मोळी घसरली तर त्यांना धरायला काही नसते, आणि दांड्यावरून पाय निसटला तर खाली चाक असते. त्यांची ने-आण वेगळ्या रिकाम्या वाहनाने व्हावी, असा आग्रह सभासदानेच धरावा. मुकादम ऐकत नसेल तर गट कार्यालयात कळवावे. अपघात झालाच तर आधी 108 ला फोन करावा, मग गाडीचे पाहावे.

शेवटी, उसाचे बिल वजनावर मिळते, वेगावर नाही. वर्षभर राबून आणलेले पीक काट्यावर पोचते तेव्हाच ते आपले. आणि त्या वाटेवर आपल्याच गावचा पोरगा, शाळेतली मुलगी, दूधवाला येत-जात असतो. येत्या हंगामात आपल्या फडातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीची पिन, पट्टी आणि चाकाचा चिखल सभासदाने स्वतः पाहावा आणि मगच हात वर करून "जाऊ द्या" म्हणावे, ही नम्र विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी