मुलांच्या मनाचे उपचार: आपल्याच जिल्ह्यात गरज असलेलं करिअर

बारावीनंतर मुलीनं किंवा मुलानं 'मला मानसशास्त्र घ्यायचंय' असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न येतो नोकरीचा. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, 'म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात काम करणार का?' दोन्ही प्रश्न काळजीपोटी येतात, म्हणून ते झटकून चालणार नाही. त्यांना नीट उत्तर द्यायचं तर आधी हे काम कुठे आणि कसं चालतं ते समजून घ्यावं लागेल. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मनाचे बहुतेक उपचार रुग्णालयात दाखल न करता, ओपीडीत, आठवड्याच्या ठरलेल्या वेळी, आईवडिलांना सोबत घेऊन होतात. असं काम पुण्या-मुंबईत बसून कोल्हापूरच्या मुलांसाठी करता येत नाही, ते इथेच करावं लागतं. म्हणूनच कोल्हापूरच्या विद्यार्थ्यासाठी ही वाट भक्कम आहे, असं मला वाटतं. अट एकच, प्रशिक्षण अर्धवट सोडायचं नाही.

या कामाची सुरुवात आपल्याकडे मनोरुग्णालयाच्या भिंतींआड झालेली नाही. भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत सुरू झालं आणि ते सुरू केलं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानं, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं. मुलाचा प्रश्न एकट्या मुलात नसतो, तो घर, शाळा आणि वस्ती यांच्यातही असतो, हे या कामानं सुरुवातीपासूनच गृहीत धरलं. आजही त्याची घडण तीच आहे. उदाहरणार्थ, सातवीतला मुलगा दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणतो आणि शाळेला जात नाही. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. थेरपिस्ट पहिल्या भेटीत आईवडिलांकडून जन्मापासूनची हकिगत घेतात. बोलायला-चालायला कधी लागला, झोप कशी आहे, शाळा कधी बदलली, घरात अलीकडे काय घडलं, हे सगळं विचारतात. मग मुलाशी एकट्याशी बोलतात. भीती कशाची आहे हे कळलं, की तिच्या पायऱ्या मांडतात. आधी नुसता गणवेश घालायचा, मग शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं, मग एक तास वर्गात बसायचं, मग मधल्या सुट्टीपर्यंत थांबायचं. प्रत्येक पायरीवर मुलगा आपल्या भीतीला शून्य ते दहा असे गुण देतो आणि ते वहीत लिहितो. पोटदुखीची तक्रार आली की आजीनं लगेच घरी ठेवून घ्यायचं नाही, वडिलांनीही ओरडायचं नाही, हे घरच्यांना शिकवावं लागतं. वर्गशिक्षकांना फोन करावा लागतो. आठवड्यातल्या या एका तासाचा परिणाम उरलेल्या सहा दिवसांत घरी आणि शाळेत दिसला, तरच उपचार झाला असं म्हणायचं.

अशा नुसत्या बोलण्यानं गुण येतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर औषधांची पारख होते तशाच पद्धतीनं शोधलं गेलं आहे. अमेरिकेत ७ ते १७ वयोगटातल्या, तीव्र चिंतेनं त्रस्त असलेल्या ४८८ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर थेरपी आणि औषध दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ८१ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. फक्त थेरपी मिळालेल्या गटात हे प्रमाण ६० टक्के, फक्त औषध मिळालेल्या गटात ५५ टक्के आणि औषधाचा अंश नसलेली गोळी मिळालेल्या गटात २४ टक्के होतं. नैराश्यासाठी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात मात्र बारा आठवड्यांनंतर औषधाचा गट नुसत्या थेरपीच्या गटापेक्षा सरस ठरला, आणि दोन्ही मिळालेला गट सर्वांत पुढे राहिला. विद्यार्थ्यानं यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली ही, की थेरपी हे शिकावं लागणारं, मोजता येणारं तंत्र आहे. नुसत्या गोड बोलण्यानं हे आकडे येत नाहीत. दुसरी ही, की आपलं तंत्र कुठे पुरत नाही आणि मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचं, हे ओळखणं हा याच विद्येचा भाग आहे.

पहिल्या अभ्यासातली थेरपी म्हणजे बारा आठवड्यांत एकेक तासाची चौदा सत्रं होती. हा हिशेब चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या पालकाच्या जागी बसून करून पाहा. दर आठवड्याला मूल, आई आणि जमलं तर वडीलही पुण्याला जाणार कसे? एकदा मोठ्या शहरात दाखवून आणणं जमतं, सलग तीन महिने जाणं शेतीवाडी, कारखाना किंवा दुकान सांभाळून जमत नाही. उपचार मध्येच सुटतात ते अनेकदा याच कारणानं. शिवाय मूल आपल्या मनातलं ज्या भाषेत बोलतं, त्या भाषेचे बारकावे ऐकणाऱ्याला कळावे लागतात. कोल्हापूरचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून हे शहर घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांचं शहर आहे. आज नीट आणि जेईईच्या क्लाससाठी आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं इथल्या वसतिगृहांत आणि खोल्यांमध्ये राहतात. त्यांचं कुटुंब गावाकडे असतं. त्याला फोनवर, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं उपचारात ओढून घेणारा माणूस याच शहरात हवा.

गरज किती आहे, हे आकडेच सांगतात. 'निम्हान्स'नं २०१५-१६मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं यातून सुटली असतील असं मानायला काही आधार नाही. त्याच सर्वेक्षणानुसार बहुतेक विकारांमध्ये ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात १,७६४ महाराष्ट्रातले होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. अशा मृत्यूमागे कधीच एक कारण नसतं, म्हणून एका उपायानं ते सगळे टळतील असा दावा कुणी करू नये. पण वेळेवर बोलायला प्रशिक्षित माणूस जवळ असणं हा त्यातला आपल्या हातातला उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये दिलेल्या निर्देशांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे. निर्देश निघाले म्हणून उद्या जागा भरल्या जातील असं नाही, पण वारं कोणत्या दिशेनं वाहतंय ते यावरून कळतं.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. थोडं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्तेही हे काम करू शकतात असं दिसत असेल, तर पोरांनी सात-आठ वर्षं का घालवावीत? आक्षेपात तथ्य आहे. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेनं सामान्य कार्यकर्त्यांना शिकवून मानसिक आरोग्याचं काम करता येतं हे दाखवून दिलं. बिहारमधल्या शाळांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत काही फरक पडला नाही. म्हणजे कमी शिकलेला माणूस चालू शकतो, पण त्याला दुसरी कामं नकोत आणि त्याला शिकवणारं, त्याच्यावर देखरेख ठेवणारं कुणीतरी हवं. गुंतागुंतीचं मूल त्यानं कुणाकडे पाठवायचं, हाही प्रश्न उरतोच. कार्यकर्ते जितके वाढतील, तितकी पूर्ण शिकलेल्या तज्ज्ञाची गरज वाढेल.

त्यामुळे वाट निवडताना डोळे उघडे ठेवा. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी करून मनोविकारतज्ज्ञ होता येतं. औषध लिहून देण्याचं काम डॉक्टरचं आहे, मानसशास्त्रज्ञाचं नाही. दुसरी वाट मानसशास्त्रात पदवी, मग पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्राचं दोन वर्षांचं, रुग्णालयातल्या देखरेखीखालचं प्रशिक्षण, अशी आहे. तिसरी वाट समाजकार्याची. कोल्हापुरात 'सायबर' या संस्थेत एमएसडब्ल्यू करता येतं आणि पुढे मनोविकार समाजकार्याचं प्रशिक्षण घेता येतं. कुटुंबासोबत काम करण्याची ज्यांना आवड आहे त्यांनी ही वाट दुय्यम समजू नये, कारण बालमार्गदर्शनाचा पाया समाजकार्यानंच घातला. सध्या नियम बदलत आहेत. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य यांचं हे प्रशिक्षण एमफिल म्हणून दिलं जात होतं; देशभर एमफिल बंद होताना या दोन विषयांतल्या प्रवेशांना २०२५-२६पर्यंतच मुदत दिली गेली, त्यामुळे पुढे पदव्यांची नावं बदलतील. नाव काहीही असो, चिकित्सा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम थांबवले आहेत. तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन 'थेरपिस्ट' अशी पाटी लावणं मुलांच्या जिवाशी खेळणं आहे.

पैशाचं काय? डॉक्टरची वाट सोडली, तर बारावीपासून पूर्ण प्रशिक्षणापर्यंत सात वर्षं जातात आणि वयाची पंचविशी येते. सुरुवातीचं उत्पन्न अभियंत्याच्या पहिल्या पगाराशी स्पर्धा करेलच असं नाही, हे आधीच मान्य करून पुढे जावं. पण कामाची ठिकाणं बरीच आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, शाळा, विशेष मुलांच्या संस्था, बालरोगतज्ज्ञांच्या सोबतीनं चालवलेली खासगी ओपीडी, ही त्यातली काही. एकाच ठिकाणी पूर्ण वेळ नोकरी मिळेपर्यंत आठवडा दोन-तीन ठिकाणी वाटून घेता येतो. जागा आणि माणूस यांपलीकडे या व्यवसायाला मोठी गुंतवणूक लागत नाही, आणि अनुभवागणिक त्याचं मोल वाढतं.

'आमची मुलगी हळवी आहे, दुसऱ्यांची दुःखं ऐकून खचेल,' असंही पालक म्हणतात. हळवेपणा इथे दोष नाही. पण प्रत्येक मुलाला आपणच वाचवायचं असं वाटणं घातक आहे. म्हणून तर देखरेखीखालच्या प्रशिक्षणाला इतकं महत्त्व आहे. वरिष्ठांसमोर आपली केस मांडणं, चूक ऐकून घेणं, काम आणि घर वेगळं ठेवणं, हे तिथेच अंगवळणी पडतं. स्वतःच्या मनाचा त्रास सोडवायला कुणी या विषयाकडे वळत असेल, तर त्यानं आधी स्वतःसाठी मदत घ्यावी आणि मग निर्णय करावा. त्यासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो या लेखाच्या प्रत्येक वाचकासाठी, त्याच्या मुलांसाठीही आहे.

विद्यार्थ्यांनो, या वर्षी एवढं करा. एखाद्या विशेष शाळेत परवानगी घेऊन सुट्टीत मदतीला जा. रोज तेच शिकवूनही न वैतागणाऱ्या शिक्षकांकडे बघा आणि आपल्याला हे जमेल का ते स्वतःला विचारा. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आत्ताच घालवा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ते लागणार आहे. आणि पालकांनो, मुलानं उत्तर 'हो' असं आणलं, तर त्याला सात वर्षांचा वेळ द्या. ही वाट लांब असली तरी बंद गल्ली नाही, आणि शिकून परत येणाऱ्याची या जिल्ह्याला गरज आहे.