जाणते शिरस्त्राण

अहेरीत एखाद्या इमारतीचे बांधकाम चाललेले तुम्ही पाहिलेच असेल. बांबूंची उंच परांची, तिच्यावर उभा असलेला गवंडी आणि खालून घमेली वर पोचविणारी मजुरांची रांग! कोणाच्या डोक्यावर मुंडासे असते, कोणाच्या डोक्यावर चुंबळ. पिवळे, कठीण शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, एखाद्याच्याच डोक्यावर दिसते.

आमच्या शाळेच्या नव्या खोलीचे काम चालू असताना परांचीवरून एक वीट निसटली आणि खाली उभ्या असलेल्या एका पोरसवदा मजुराच्या माथ्यावर पडली. चुंबळीने घाव थोडा झेलला, म्हणून तो बचावला. त्या दिवसापर्यंत मजुरांच्या डोक्यावर काय आहे, इकडे माझे लक्षच गेले नव्हते. मुख्याध्यापक असूनही गेले नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे.

योद्धे हजारो वर्षे शिरस्त्राण घालीत आले. श्रमिकाच्या मस्तकावर मात्र ते फार उशिरा चढले. जहाजे बांधणारे मजूर पूर्वी आपल्या टोप्यांना डांबर फाशीत आणि त्या उन्हात वाळवून कडक करीत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरचा एडवर्ड बुलार्ड हा तरुण पहिल्या महायुद्धाहून परतला, तेव्हा सैनिकांचे पोलादी शिरस्त्राण त्याच्या ध्यानात होते. १९१९ मध्ये त्याने कॅनव्हासचे जाड कापड, सरस आणि काळा रंग यांची एक कठीण टोपी कामगारांसाठी तयार केली. पुढे १९३३ मध्ये त्याच शहराजवळ गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले. तेथे मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने कामगारांना अशी टोपी सक्तीची केली आणि पुलाखाली मोठे जाळेही बांधविले. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचविले. परंतु फेब्रुवारी १९३७ मध्ये एक अवजड परांची कोसळून जाळे फाटले आणि १० जण मृत्युमुखी पडले.

शिरस्त्राण आतून पाहा. त्यात पट्ट्यांचे एक जाळे असते. त्यामुळे कवच आणि डोके यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. वीट कवचावर आदळली, की पट्ट्या ताणल्या जातात आणि एका बिंदूवरचा आघात सगळ्या माथ्यावर वाटला जातो. हे काम ते चोख करते. पण ते मुके आहे. ते घालणारा माणूस एकटाच कोठे पडला, तर ते कोणाला हाक मारीत नाही.

अलीकडे मोठ्या कामांवर येऊ लागलेली नवी शिरस्त्राणे ती हाक मारतात. मोबाईल आडवा धरला, की त्यावरील चित्रही आडवे होते ना? ते ज्या चिमुकल्या यंत्रामुळे होते, तसेच यंत्र या शिरस्त्राणात बसविलेले असते. माणूस उंचावरून पडत असताना त्या यंत्राचे माप जवळजवळ शून्यावर येते. मग एकदम मोठा धक्का नोंदला जातो. आणि त्यानंतर हालचाल थांबते. या तीन खुणा लागोपाठ मिळाल्या, की यंत्र मुकादमाला व सोबत्यांना इशारा पाठविते. मात्र तो वाहून नेणारे जाळे त्या ठिकाणी हवे. आपल्या जंगलात मोबाईलवर बोलण्यासाठी टेकडी चढावी लागते, तेथे हे किती साधेल, हा प्रश्नच आहे.

आपल्या मुलखात विटेपेक्षाही मोठा वैरी ऊन आहे. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. ते ४० च्या पुढे गेले, की मेंदू गोंधळू लागतो. म्हणजे ज्याला थांबण्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच ती कळेनाशी होते! येथे मनगटावरचा पट्टा उपयोगी पडतो. त्यातून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त तो प्रकाश शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणारा प्रकाश किंचित कमी-अधिक होतो आणि त्यावरून पट्टा ठोके मोजतो. ठोके फार वाढले, की तो थरथरून सावध करतो.

नवख्या कामगाराच्या शिक्षणासाठीही अंगावर घालण्याचे साधन निघाले आहे. डोळ्यांवर एक बंद चष्मा चढविला, की खोलीत जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाला आपण दहाव्या मजल्याच्या परांचीवर आहोत असे दिसते. कमरेचा पट्टा अडकविण्यास तो विसरला, तर तो ‘पडतो’. पण हाड मोडत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. एखादी मजूर बाई सावलीत किती वेळ बसली, हेही असा पट्टा सांगू शकतो. ते कळल्यावर मुकादमाने तिला पाणी द्यायचे, की तिची मजुरी कापायची? पट्टा बांधण्याआधी याचे उत्तर तिला मिळाले पाहिजे.

वीट लागलेला तो मुलगा आज मिस्त्री आहे. त्याच्याजवळ साधे पिवळे शिरस्त्राण आहे. गेल्या वैशाखात भर दुपारी मी त्याला पाहिले, तेव्हा ते खिळ्याला टांगलेले होते. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, “गुरुजी, यात डोकं फार तापतं हो!” मी ते हातात घेतले, आतली पट्टी घामाने भिजली होती. वारा खेळावा म्हणून कवचाला भोके पाडावीत, तर त्याचे बळ घटण्याची भीती. थोडा वेळ आम्ही दोघे सावलीत बसलो. मग त्याने गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळला, शिरस्त्राण डोक्यावर चढविले आणि तो परांची चढू लागला.