जहाजाच्या पोटातली हवा

आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांत आजोबा किंवा वडील गोदीत कामाला होते. 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, कंटेनर वाढले आणि मुंबई गोदीतली माणसांची गर्दी ओसरली. तरी ठेकेदारामार्फत जहाजात उतरणारी, दारूखान्यात जुनी जहाजे कापणारी आपली माणसे आजही आहेत. क्रेनचा दोर तुटतो, वरून माल पडतो, हे धोके सगळ्यांना दिसतात. या वेळी आम्ही न दिसणाऱ्या धोक्याविषयी लिहीत आहोत.

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. बंद कोठ्यात तो कमी होत जातो. लोखंड गंजते तेव्हा प्राणवायू खाते. म्हणून भंगाराने भरलेला कोठाच काय, बरेच दिवस बंद असलेली रिकामी टाकीसुद्धा जीव घेते. लाकडाचे ओंडके, कोळसा, पेंड, खोबरे यांच्यामुळेही प्राणवायू घटतो. कोळशातून तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघतो. कोठ्याला लागून असलेल्या जिन्याच्या बोळात हीच हवा साचते, आणि तिकडे कुणाचे लक्ष नसते.

‘दम कोंडला की वर येऊ’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरे नाही. दम कोंडल्याची जाणीव मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, प्राणवायू कमी पडल्याने नव्हे. त्यामुळे शरीर इशारा देत नाही. पाय गळतात, शिडीवरचा हात सुटतो. प्राणवायू फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील, प्राणवायू कुठून आणील?

खाली एक जण पडला की त्याचा सोबती धावत उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये हेच घडते, ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. सोबत्याला वाचवायचे असेल तर उतरू नका. आरडाओरडा करा, 101 आणि 108 ला फोन लावा, ब्लोअरने आत हवा सोडा. श्वसनयंत्र लावलेल्या माणसानेच उतरायचे. दारूखान्यातल्या कटरवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: कापण्याच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत कधीही सोडू नये. एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेट घेतात.

उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळवली पाहिजे, मीटरने वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासली पाहिजे, आणि वर एक माणूस सतत उभा पाहिजे. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 1986 साली स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा ही काही मेहेरबानी नव्हे. ‘मीटर दाखवा’ म्हणणाऱ्या एकट्याची हजेरी जाते हे आम्ही जाणतो. म्हणून सगळ्या टोळीने मिळून विचारावे.

धान्याच्या जहाजात कीड मारायला गोळ्या टाकतात, त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास कधी येतो, कधी येत नाही. त्रास घरी आल्यावर काही तासांनीही सुरू होऊ शकतो. मळमळ, छातीत जडपणा, धाप लागली तर थकवा समजून झोपवू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि आज जहाजात कोणता माल होता ते डॉक्टरांना सांगा. त्यासाठी तो कामावरून आला की घरच्यांनी मालाचे नाव विचारून ठेवावे.