आंब्यांची पेटी आली

चि. शालिनीस,


सहामाहीच्या इंग्रजी उत्तरपत्रिकेवरील तांबड्या खुणा पाहून तू हिरमुसलीस, असे अक्काच्या पत्रावरून कळले. परंतु तिने सोबत धाडलेली पत्रिका मी ओळन् ओळ वाचली, आणि कर्ता व क्रियापद यांच्या मेळाबाबत तुझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका अज्ञानाच्या नसून मराठीच्या सवयीच्या आहेत, असे माझे मत झाले.

'माय ग्रँडफादर टेल स्टोरीज' हे तू 'आजोबा गोष्टी सांगतात' यावरून लिहिलेस. वडीलधाऱ्या एका माणसासही आपण क्रियापदाचे अनेकवचन अर्पण करतो. इंग्रजीत आदर क्रियापदात राहत नाही, आजोबा एक म्हणून 'टेल्स'. 'मदर्स हेअर आर लाँग' याचेही मूळ तसलेच. आपल्याकडे केस वाढतात, तांदूळ महागतात, पैसे संपतात. इंग्रजीत हेअर, राइस, मनी या तिन्ही नामांस अशा वाक्यांत एकवचनी 'इज' लागते. उलट आपली विजार एक, त्यांची 'ट्राउझर्स' सदा अनेकवचनी. 'एव्हरीबडी' आला की मनात 'सगळे आले' न म्हणता 'प्रत्येक जण आला' असे म्हणावे, म्हणजे 'इज' आपोआप सुचेल.

'डज द बॉय रन्स' असे दोनदा लिहिले आहेस. तो 'एस' एकदा 'डज'च्या पदरी गेला की मूळ क्रियापद मोकळे राहते, एवढेच ध्यानात धर.

मात्र 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी' या वाक्याचे मला खरोखर नवल वाटले, कारण येथे मराठी तुझी वैरीण नसून साक्षीदार आहे. 'आंब्यांची पेटी आले' असे तू झोपेतही म्हणणार नाहीस. पेटीत आंबे कितीही असोत, आली ती पेटी. राधेने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले, असे कर्माचे लिंग-वचन क्षणार्धात ओळखून क्रियापद फिरविणारी तू. इंग्रजी तर या तिन्ही ठिकाणी एकच 'एट' मागते, आणि लिंगाची चौकशी क्रियापदापाशी कधीच करीत नाही. एवढ्या अवघड मेळाचा सराव ज्या कानास उपजत आहे, त्याने 'मँगोज' हा शेजारचा शब्द ऐकून फसावे, हे मला पटत नाही.

तेव्हा रोज सायंकाळी धड्यातील पाच वाक्ये घे, कर्त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ, 'ऑफ' व त्यामागून येणारे नाम बोटाने झाकून उरलेले मोठ्याने वाच ('अ लॉट ऑफ'सारखे परिमाणाचे शब्द तेवढे यास अपवाद), आणि मग कर्त्याचे वचन पालटून तेच वाक्य पुन्हा लिही. कोरी वही टपालाने पाठविली आहे. महिनाअखेर ती माझ्याकडे धाड. मी तपासून, प्रत्येक दुरुस्तीचे कारण समासात लिहून परत करीन.

अक्कास सा. नमस्कार.

तुझा,
मामा