शेततळ्यातील मासे : कालव्याच्या पाण्यासोबत येणारे पाहुणे ओळखा



खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा स्वारगेटजवळून, भर शहरातून, हडपसरमार्गे दौंड-इंदापूरपर्यंत येतो. आवर्तन सुटलं की आपण याच पाण्यावर शेततळं भरतो. पण पाण्याबरोबर नको असलेले मासे, त्यांची अंडी आणि रोगही आत येतात. रोहू-कटला पाळणाऱ्यांनी पुढचे तीन मासे लक्षात ठेवा.

*1) सकर* – मूळ दक्षिण अमेरिकेचा. शहरात काचेच्या टाकीत पाळतात, मोठा झाला की नदी-कालव्यात सोडतात. अंगावर कडक खवले, बाजारात भाव नाही, जाळं फाडतो. मातीच्या बांधात बिळं करतो. उजनीतही तो पोचला आहे.

*2) चिलापी* – 1952 साली भारतात आणली. वर्षातून अनेकदा पिल्लं देते. तळं बारक्या माशांनी भरतं, खाद्य तीच खाते आणि रोहू-कटल्याची वाढ खुंटते.

*3) थाई मांगूर* – मूळ आफ्रिकेचा. दुसऱ्या माशांची पिल्लं खातो. हवेतून श्वास घेत असल्याने ओल्या जमिनीवरूनही सरकतो. 2000 सालापासून देशात बंदी आहे. कुणी स्वस्तात बीज दिलं तरी घेऊ नका.

*काय करायचं?*

• पाइपच्या तोंडाला बारीक नायलॉन जाळीची पिशवी बांधा. मच्छरदाणीतून अंडी निसटतात, त्यापेक्षा बारीक जाळी हवी. पिशवी रोज झटका, कचरा तळ्यात पाडू नका.
• उन्हाळ्यात मातीचं तळं भेगा पडेपर्यंत वाळवा.
• बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. सोडण्याआधी 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ घालून बीज 1 ते 2 मिनिटं बुडवा. मासे उलटे पडू लागले तर लगेच काढा.
• दुसऱ्याच्या तळ्यातलं जाळं धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा.

*थंडीत लाल चट्टे दिसले तर*

पाणी गार झालं की अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा पडतात. हा बुरशीचा रोग आपल्या देशात 1988 पासून आहे. कालव्यातले रानटी मासे तो घेऊन येऊ शकतात. मेलेले मासे चुना टाकून पुरा, कालव्यात फेकू नका. ‘सिफॅक्स’ औषधाचं प्रमाण 1 कोटी लिटर पाण्याला 1 लिटर आहे. म्हणजे 20 लाख लिटरच्या तळ्याला 200 मिली, पाण्यात मिसळून सगळीकडे शिंपडा.

*महत्त्वाचं :* सकर किंवा मांगूर सापडला तर परत पाण्यात सोडू नका. मारून पुरा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला कळवा. आपण कालव्यात सोडलेला मासा खालच्या गावाच्या तळ्यात जातो.

पुढच्या आवर्तनाआधी जाळी आणून ठेवा. हा मेसेज कालव्यावरच्या शेजाऱ्यालाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी